समाजशास्त्राची पदवी ब्रिटनमध्ये : वाट, खर्च आणि पुढचा प्रश्न

बारावीनंतर परदेशी शिक्षण म्हटले की अभियांत्रिकी, संगणकशास्त्र किंवा व्यवस्थापन याच शाखा पालकांच्या डोळ्यांसमोर येतात. समाजशास्त्रासारख्या विषयाची पहिलीच पदवी परदेशात घ्यायची, असे मुलाने वा मुलीने म्हटले की घरात दोन प्रश्न हमखास उभे राहतात. एवढा पैसा या विषयावर खर्च करावा का? आणि करायचाच असेल तर तो आत्ताच करावा की पदवीनंतर? ब्रिटनचे उदाहरण घेऊन या दोन्ही प्रश्नांची उकल करता येते.

महाराष्ट्राचा या विषयाशी असलेला संबंध जुना आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. त्यांच्यानंतर विभागाची धुरा सांभाळणारे गो. स. घुर्ये केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे शिकून आले होते. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला गाजलेला निबंध १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. मात्र यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही सारी मंडळी भारतातील पदवी हाती घेऊन परदेशी गेली होती. अठराव्या वर्षीच जाण्याची वाट त्या मानाने नवी आहे आणि तिचे हिशेबही वेगळे आहेत.

पदवीचे स्वरूप

इंग्लंड व वेल्समध्ये पदवी अभ्यासक्रम साधारणतः तीन वर्षांचा, तर स्कॉटलंडमध्ये चार वर्षांचा असतो. इंग्लंडमध्ये विद्यार्थी पहिल्या दिवसापासून निवडलेल्या विषयाचाच अभ्यास करतो. मार्क्स, वेबर, दुर्खीम यांच्यापासून सुरुवात होते. सोबत संशोधन पद्धती हा विषय असतो. त्यात मुलाखती व क्षेत्र-निरीक्षणाइतकेच संख्याशास्त्रालाही महत्त्व असते, त्यामुळे ‘कला शाखा म्हणजे गणितातून सुटका’ हा समज येथे टिकत नाही. वर्ग, वंश, लिंगभाव, स्थलांतर, शहरे, आरोग्य यांसारखे विषय पुढे निवडता येतात आणि अखेरच्या वर्षी बहुतेक ठिकाणी स्वतंत्र प्रबंध लिहावा लागतो.

विद्यापीठ निवडताना केवळ नावावर जाऊन चालत नाही. ऑक्सफर्डमध्ये पदवी स्तरावर समाजशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रमच नाही. तेथे तो ‘ह्यूमन सायन्सेस’सारख्या संयुक्त अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शिकवला जातो. केंब्रिजमध्ये तो मानव, सामाजिक व राज्यशास्त्रांच्या एकत्रित अभ्यासक्रमातील एक शाखा आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये मात्र समाजशास्त्राची स्वतंत्र पदवी आहे. १९०७ मध्ये या विषयाचे प्राध्यापकपद तेथेच निर्माण झाले होते.

प्रवेशाचे वेळापत्रक

पदवी प्रवेशाचे अर्ज ‘यूकास’ या केंद्रीय यंत्रणेमार्फत केले जातात. एका अर्जात जास्तीत जास्त पाच पर्याय देता येतात. ऑक्सफर्ड व केंब्रिजसाठी अंतिम मुदत आदल्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरची, तर बहुतेक अन्य अभ्यासक्रमांसाठी ती जानेवारीत असते. म्हणजेच बारावीची परीक्षा होण्यापूर्वीच अर्ज गेलेला असावा लागतो. अर्जात विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहावयाचे निवेदन २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत विभागले गेले आहे. हा विषय का, शाळा-महाविद्यालयातील अभ्यासाने त्यासाठी काय तयारी झाली आणि त्याबाहेर काय केले, असा त्यांचा रोख असतो. तिन्ही उत्तरे मिळून चार हजार अक्षरचिन्हांची मर्यादा आहे.

खरी अडचण येते ती शिक्षकांच्या शिफारसपत्राची आणि ‘अपेक्षित गुणां’ची. बारावीत किती गुण मिळतील याचा अंदाज महाविद्यालयाने अर्जासोबत कळवावा, अशी ब्रिटिश विद्यापीठांची अपेक्षा असते. आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळांना याची सवय असते. राज्य मंडळाशी संलग्न कनिष्ठ महाविद्यालयांत ही पद्धत रुळलेली नाही, म्हणून प्राध्यापकांशी अकरावीतच बोलून ठेवलेले बरे. शिवाय प्रत्येक विद्यापीठ सीबीएसई, आयएससी आणि राज्य मंडळे यांच्यासाठी वेगवेगळे किमान गुण ठरवू शकते. आपल्या मंडळाची अट संबंधित विद्यापीठाकडूनच तपासून घ्यावी. प्रवेश बहुधा सशर्त असतो आणि निकालात ती अट पूर्ण झाली तरच तो पक्का होतो.

पैशांचा हिशेब

इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांच्या शुल्कावर कायद्याने कमाल मर्यादा आहे. २०२५-२६ साठी ती वर्षाला ९,५३५ पौंड होती. परदेशी विद्यार्थ्यांना ही मर्यादा लागू नाही. त्यांचे शुल्क विद्यापीठ स्वतः ठरवते आणि नामांकित संस्थांत ते स्थानिक शुल्काच्या दुपटी-तिपटीवर जाते. प्रयोगशाळा लागत नसल्याने समाजशास्त्राचे शुल्क विज्ञान शाखांपेक्षा सहसा कमी असते, एवढाच काय तो दिलासा.

शुल्काखेरीज राहण्या-जेवण्याची तरतूद व्हिसासाठी दाखवावी लागते. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी दरमहा १,५२९ आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड असे नऊ महिन्यांचे पैसे, म्हणजे अनुक्रमे १३,७६१ व १०,५३९ पौंड, सलग २८ दिवस खात्यात असल्याचे सिद्ध करावे लागते. त्यावर सरकारी आरोग्यसेवेसाठी विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंडांचा अधिभार आहे. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. त्यातून किराणा, प्रवास यांचा खर्च निघू शकतो, शिक्षण शुल्क निघत नाही.

शिष्यवृत्तीच्या भरवशावर बसणाऱ्यांनी येथे सावध राहावे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि ब्रिटनची चीव्हनिंग या योजना पदव्युत्तर वा त्यापुढील शिक्षणासाठी आहेत. पदवीसाठी जाणाऱ्याला मुख्यतः विद्यापीठांच्या स्वतःच्या, मोजक्या सवलतींवर अवलंबून राहावे लागते.

गुणांचे गणित

भारतीय विद्यार्थ्याला पहिला धक्का बसतो तो गुणांचा. बारावीत नव्वद टक्के मिळवणाऱ्याला पहिल्याच निबंधात ६२ मिळाले की आभाळ कोसळल्यासारखे वाटते. तेथे सत्तर व त्यावरील गुण म्हणजे प्रथम श्रेणी, तर साठ ते एकोणसत्तर म्हणजे उच्च द्वितीय श्रेणी असते. अनेक नियोक्ते व पदव्युत्तर अभ्यासक्रम हीच उच्च द्वितीय श्रेणी मागतात. पाठांतराला येथे किंमत नाही. दर आठवड्याला ठरलेले वाचन करून लहान गटात त्यावर मत मांडावे लागते. स्रोताचा उल्लेख न करता दुसऱ्याचा मजकूर वापरणे हा गंभीर गुन्हा मानला जातो. अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे गुण अंतिम श्रेणीत धरले जात नाहीत, त्यामुळे ही पद्धत अंगवळणी पडायला थोडी सवड मिळते.

पदवीनंतर काय?

शिक्षणानंतर नोकरीसाठी थांबण्याची सवलत ब्रिटनने २०१२ मध्ये बंद केली आणि २०२१ मध्ये ‘ग्रॅज्युएट रूट’ या नावाने पुन्हा सुरू केली. पदवीधरांना तिच्याद्वारे दोन वर्षे मिळत आली, मात्र १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षच मिळणार आहे. त्यापुढे राहायचे तर कुशल कामगार व्हिसा हवा. त्यासाठीची सर्वसाधारण किमान वेतनमर्यादा जुलै २०२५ मध्ये वर्षाला ४१,७०० पौंड झाली. नवपदवीधरांना त्यात सवलत असली तरी स्वयंसेवी संस्था, सामाजिक संशोधन, स्थानिक प्रशासन या समाजशास्त्राच्या पारंपरिक क्षेत्रांतील सुरुवातीचे पगार पाहता ती गाठणे सोपे नाही. तेव्हा तेथील नोकरीतून कर्ज फेडू, हा हिशेब कच्चा ठरण्याचा धोका आहे.

म्हणूनच निर्णय घेताना दोन वाटा शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली वाट तीन वर्षे ब्रिटनमध्ये काढण्याची. यात पद्धतशीर लेखन, संशोधनाची शिस्त आणि अनेक देशांतील सहाध्यायी लवकर लाभतात. दुसरी वाट पुणे-मुंबईत पदवी घेऊन ब्रिटनमध्ये एका वर्षाचे पदव्युत्तर शिक्षण घेण्याची. यात परदेशातील खर्च तीनऐवजी एकाच वर्षाचा राहतो आणि शिष्यवृत्त्यांची दारेही उघडतात. ज्या कुटुंबाला कर्जाशिवाय तीन वर्षे झेपतात, त्याने पहिल्या वाटेचा विचार जरूर करावा. घर गहाण ठेवून जायचे असेल, तर दुसरी वाट अधिक शहाणपणाची. घुर्ये आणि आंबेडकर त्याच वाटेने गेले होते, हेही विसरू नये.