राज्य बदलून प्राप्तिकर वाचत नाही

निवृत्तीचा विषय निघाला की एक सल्ला हमखास कानावर पडतो: गोव्यात नाहीतर सिक्कीममध्ये राहायला जा, कर वाचेल. सल्ला साफ चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून माणसं राहतं घर विकायला निघतात, म्हणून त्याचा नीट समाचार घ्यायला हवा. अमेरिकेत फ्लॉरिडा, टेक्सससारख्या राज्यांत राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे तिथल्या निवृत्तांना राज्य बदलल्याचा खरोखर फायदा होतो. तो हिशेब आपल्याकडे चालत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेतीखेरीज इतर उत्पन्नावरचा कर केंद्राच्या सूचीत आहे (82 वी नोंद). राज्यांच्या वाट्याला फक्त शेतीच्या उत्पन्नावरचा कर येतो. म्हणजे पेन्शन, मुदत ठेवीचं व्याज आणि घरभाडं यांवर पुण्यात जो दर, तोच पणजीत आणि पाटण्यात.

मग सिक्कीमची सवलत खोटी का? खोटी नाही, पण ती तिथे नव्याने जाणाऱ्यांसाठी नाही. 2008 मध्ये कायद्यात आलेली ही सूट सिक्कीमी नागरिकांसाठी आहे. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 1975 च्या विलीनीकरणापूर्वी तिथे कायमचे स्थायिक झालेल्या भारतीयांनाही ती लागू केली. आज गंगटोकला बिऱ्हाड हलवणाऱ्याला तिचा एक रुपयाही मिळत नाही. गोव्याची गोष्ट वेगळी, निष्कर्ष तोच. तिथल्या पोर्तुगीजकालीन नागरी कायद्याखाली ज्यांची मालमत्ता सामाईक असते, त्या पती-पत्नीचं उत्पन्न करासाठी निम्मं-निम्मं धरलं जातं. हे त्या जोडप्याला कोणता कायदा लागू आहे यावर ठरतं, वीजबिलावरच्या पत्त्यावर नाही. शिवाय पगाराचं उत्पन्न या वाटणीतून वगळलेलं आहे, आणि पेन्शन पगारातच मोजली जाते.

आकडे मांडून पाहा. महिना 60,000 पेन्शन आणि वर्षाला 2 लाख व्याज, म्हणजे 9 लाख 20 हजार. नव्या करप्रणालीत 75,000 ची प्रमाणित वजावट गेली की उरतात 8 लाख 45 हजार. 2025 च्या अर्थसंकल्पापासून अशा 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पूर्ण सवलत आहे, त्यामुळे कर शून्य, आणि तो देशात कुठेही शून्यच. यावर कोणी म्हणेल, मुद्रांक शुल्क आणि घरपट्टी तर राज्यागणिक बदलतात. बदलतात, पण नवं घर घेताना 6 टक्क्यांनी 50 लाखांवर 3 लाख मुद्रांक शुल्क जातं. जो कर मुळात लागतच नाही तो वाचवण्यासाठी हे 3 लाख कशाला घालवायचे?

हवामानाचा विचार मात्र जरूर करावा, पण डिसेंबरातल्या सहलीवरून नव्हे. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पुण्यात तो हजारालाही पोचत नाही. त्या चार महिन्यांत भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, आणि दम्याच्या रुग्णाला बुरशी छळते. किनाऱ्यावर पारा चाळिशीला क्वचितच जातो म्हणून तो सुरक्षित, हाही भ्रम आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही. म्हणूनच हवामान विभाग मैदानी भागात 40 अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, तर किनाऱ्यावर 37 पासूनच. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे हा फरक अधिकच महत्त्वाचा.

बाकीचे समज थोडक्यात. शेतजमीन घेतली की पेन्शन करमुक्त होते? नाही, फक्त शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, आणि महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेताही येत नाही. व्यवसाय कराला घटनेनेच वर्षाला 2,500 ची मर्यादा घातली आहे, आणि पेन्शनवर तो लागत नाही. मुलाकडे दुबईला गेलात तरी पुण्यातल्या फ्लॅटच्या भाड्यावर भारतात कर आहेच. उलट अनिवासी झालात की 12 लाखांपर्यंतची ती सवलत जाते.

तेव्हा ठिकाण निवडताना कराचा रकाना खुशाल खोडून टाका. मनात भरलेल्या गावी जुलैत पंधरा दिवस आणि मे महिन्यात पंधरा दिवस भाड्याने राहा, रात्री दोन वाजता हृदयरोगतज्ज्ञ किती अंतरावर मिळतो ते विचारा, आणि मगच इसार द्या.