सर्व्हर उठेना, तेव्हा...

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला!

गेल्या सेमिस्टरला लॅबमधला प्रोजेक्ट सर्व्हर रीबूट केला, तो परत उठलाच नाही. काळ्या स्क्रीनवर नुसता 'इनिटरॅमएफएस' असा प्रॉम्प्ट. फायनल इयरच्या चार ग्रुप्सचं काम त्यात आणि सबमिशन सोमवारी. एक सिनिअर म्हणाला, "रेड नव्याने क्रिएट करून टाक." सरांनी त्याला थांबवलं म्हणून वाचलो. 'क्रिएट' नवा सुपरब्लॉक लिहितो. डिस्कचा क्रम किंवा चंक साईझ चुकली की डेटाची खिचडी. 'असेंबल' मात्र आधीच लिहिलेला सुपरब्लॉक वाचून जोडणी करतो.

त्या मशीनमध्ये चार डिस्क. दोन-दोनच्या जोड्या, जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा, म्हणजे रेड १. या झाल्या एमडी० आणि एमडी१. त्या दोघींवर पसरलेला रेड ० म्हणजे एमडी२, आणि रूट फाईलसिस्टीम त्याच्यावर. खालचा मजला उभा राहिल्याशिवाय वरचा नाही. (लिनक्स रेड १० एकाच थरात देतं, मग हा उपद्व्याप कोणी केला देव जाणे.)

रूट मिळण्याआधीच रेड जोडायचं असल्यामुळे 'एमडीएडीएम'च्या कॉन्फिग फाईलची एक कॉपी इनिटरॅमएफएसमध्ये ठेवलेली असते. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कसं चालेल?

आम्ही 'प्रॉक'मधली 'एमडीस्टॅट' वाचली. एमडी०, एमडी१ चालू, दोन्हींपुढे 'यूयू', म्हणजे चारही डिस्क ठणठणीत. एखादी गेली असती तर एका 'यू'च्या जागी अंडरस्कोर दिसला असता. एमडी२ चा मात्र पत्ताच नाही! 'एक्झामिन' केल्यावर एमडी० आणि एमडी१ दोघींवर एमडी२ चा सुपरब्लॉक शाबूत. मग कॉपीतली कॉन्फिग उघडली. 'डिव्हाईस'च्या ओळीत कोणीतरी फक्त 'एसडी'ने सुरू होणारी नावं ठेवली होती. त्यामुळे एमडी० कडे कोणी बघतच नव्हतं.

एमडी० आणि एमडी१ ची नावं देऊन एमडी२ हाताने असेंबल केला, 'एक्झिट' टाईप केलं, आणि लॉगिन आलं! त्या ओळीत 'पार्टिशन्स' लिहिलं. पण नुसती फाईल बदलून भागत नाही, कॉपी जुनीच राहते. डेबियनवर 'अपडेट-इनिटरॅमएफएस' चालवावं लागतं. ते केलं, आधी सगळ्यांचा डेटा दुसऱ्या डिस्कवर घेतला, आणि मगच धडधडत्या छातीने पुन्हा रीबूट केला. रविवारी रात्री मेस बंद झाली होती, पण सर्व्हर उठला.