सेकंड हँड बाईक ६० च्या पुढे पळत नाही? इंजिन खोलण्याआधी हे तपासा

वापरलेली १०० किंवा १२५ सीसीची बाईक घेताना बहुतेक लोक ती गल्लीत किंवा कॉलनीच्या रस्त्यावर चालवून पाहतात. सेल्फ लागतो, गिअर पडतात, आवाज बरा वाटतो आणि व्यवहार होतो. खरी गोष्ट कळते ती गाडी पहिल्यांदा मोठ्या रस्त्याला लागल्यावर. रेस पूर्ण पिळली तरी काटा ६० च्या आसपास अडकतो, मागून ट्रकचे हॉर्न सुरू होतात आणि ओव्हरटेक अर्ध्यावर सोडावा लागतो.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो "इंजिनचं काम निघालंय" असा. ते खरं असूही शकतं. पण ब्लॉक बोअर करून, पिस्टन-रिंग बदलून हजारो रुपये गेल्यावर मागचा ब्रेकच जाम होता असं कळलं, तर ते पैसे परत येत नाहीत. म्हणून काय तपासायचं यापेक्षा कोणत्या क्रमानं तपासायचं, हे जास्त महत्त्वाचं आहे.

मुळात गाडीचा वेग किती असायला हवा?

हिरो स्प्लेंडरसारख्या '१०० सीसी' गाडीचं इंजिन प्रत्यक्षात ९७.२ सीसीचं असतं आणि त्याची ताकद ८ बीएचपीच्या आसपास असते. चांगल्या स्थितीतली अशी गाडी सपाट रस्त्यावर एका माणसाला घेऊन साधारण ८० ते ९० किलोमीटर प्रतितास वेग गाठते. १२५ सीसीच्या रोजच्या वापराच्या गाड्या ९० ते १०० च्या आसपास जातात.

म्हणजे १०० सीसीची गाडी ८० ला थांबत असेल, मागे कुणी बसलेलं असेल किंवा समोरून वारा असेल, तर त्यात बिघाड काहीच नाही. उंचीचाही परिणाम होतो. दर १,००० मीटर उंचीला हवा विरळ होत जाते आणि इंजिनची ताकद साधारण १० टक्क्यांनी घटते. त्यामुळे महाबळेश्वरला गाडी थोडी मलूल वाटणं स्वाभाविक आहे.

काटा खरं बोलतोय का, हेही आधी पाहावं. जुन्या गाड्यांमध्ये स्पीडोमीटर पुढच्या चाकाकडून येणाऱ्या केबलवर चालतो. केबल किंवा चाकातलं गिअर झिजलं की काटा चुकीचा वेग दाखवतो. फोनमध्ये जीपीएसवर वेग मोजणारं ॲप सुरू करून फोन मागे बसलेल्या माणसाच्या हातात द्यावा आणि ५० च्या वेगाला दोन्ही आकडे जुळवून पाहावेत. गाडी चालवताना स्वतः फोनकडे बघू नये.

८५ वरून ६० म्हणजे किती मोठी घट?

हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं. सोप्या शब्दांत, ६० वरून ९० ला जायचं तर वेग दीडपट होतो, पण हवा कापायला लागणारी ताकद तीनपटीहून जास्त होते.

याचा उलटा अर्थही कामाचा आहे. इंजिनची ताकद थोडी कमी झाली तर कमाल वेग अगदी थोडाच घटतो. ८५ ला जाणारी गाडी ७८ वर आली, तर मळलेला एअर फिल्टर किंवा जुना प्लग हे कारण पटण्यासारखं आहे. पण तीच गाडी ६० ला अडत असेल, तर चाकापर्यंत पोहोचणारी ताकद निम्म्याहून कमी झालेली असते. अशा वेळी एक तर बिघाड मोठा असतो किंवा तीन-चार छोटे बिघाड एकत्र आलेले असतात. "प्लग बदला, होईल ठीक" हे तिथं सहसा पुरत नाही.

आधी लक्षण ओळखा

गाडी कशी अडते, यावरून कारणांची यादी निम्मी होते.

• इंजिनचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही: क्लच प्लेट घसरत आहेत किंवा आधीच्या मालकानं चेन स्प्रॉकेट बदललेलं आहे.

• आवाजही चढत नाही, गाडी जड वाटते, कुणीतरी मागून धरल्यासारखी: ब्रेक लागून राहणं, चोंदलेला फिल्टर किंवा सायलेन्सर, कमी झालेलं कंप्रेशन.

• ठरावीक वेगापर्यंत छान जाते, मग गुदमरते किंवा झटके देते: पेट्रोल कमी पोहोचतंय किंवा स्पार्क कमजोर आहे.

• थंड असताना ठीक, दहा-पंधरा किलोमीटरनंतर मंद: गरम होऊन घट्ट होणारा ब्रेक, कमी ठेवलेलं टॅपेट, कमजोर इग्निशन कॉइल किंवा टाकीच्या झाकणाचं बुजलेलं छिद्र.

आणखी एक सोपी चाचणी आहे. टॉप गिअरमध्ये गाडी अडली की एक गिअर खाली टाकून पाहावं. खालच्या गिअरमध्ये ती जास्त वेगानं जात असेल, तर इंजिनला टॉप गिअर ओढवत नाही, म्हणजे ताकद कमी पडते आहे.

पहिली फेरी: पैसे न लागणाऱ्या तपासण्या

गाडी डबल स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये मागचं चाक हातानं फिरवावं. चेनचा थोडा विरोध सोडला तर चाक सहज फिरायला हवं. घासल्याचा आवाज येऊन लगेच थांबत असेल, तर ब्रेक लागून राहतो आहे. ब्रेकचा नट जास्त आवळलेला असणं, ब्रेक लायनर बसवणारा कॅम गंजणं, पेडलची स्प्रिंग तुटणं ही नेहमीची कारणं. पुढे डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरचा पिस्टन अडकलेला असू शकतो. तपासण्याची आणखी एक पद्धत म्हणजे शक्यतो ब्रेक न वापरता काही किलोमीटर चालवून थांबावं आणि हब किंवा डिस्कच्या जवळ हात न्यावा. धग लागली तर उत्तर मिळालं. डिस्कला हात लावू नये, चटका बसतो.

मग टायरची हवा. बहुतेक छोट्या बाईकमध्ये एकट्यासाठी पुढे २५ आणि मागे २८ पीएसआयच्या आसपास हवा सांगितलेली असते. नेमका आकडा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत असतो. चेन फार ताणलेली, कोरडी किंवा गंजलेली असेल तर तीही ताकद खाते.

ॲक्सिलरेटर केबलकडे अनेकांचं लक्षच जात नाही. मूठ पूर्ण पिळल्यावर कार्बोरेटरकडचं टोकही पूर्ण ओढलं जायला हवं. केबल सैल झालेली असेल किंवा चुकीच्या लांबीची बसवलेली असेल, तर हातात रेस पूर्ण आणि इंजिनला मात्र अर्धीच मिळते. चोक अर्धवट अडकलेला नाही ना, तेही याच वेळी पाहून घ्यावं.

शेवटी स्प्रॉकेटचे दात मोजावेत. पिकअप वाढवण्यासाठी काही जण मागे मोठं स्प्रॉकेट टाकतात. समजा, मूळ जोडी पुढे १४ आणि मागे ४२ दातांची आहे. मागे ४५ दातांचं टाकलं, तर इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांना ८५ ऐवजी सुमारे ७९ चाच वेग मिळतो. आपल्या मॉडेलची मूळ जोडी किती दातांची, हे स्पेअर पार्टच्या दुकानात कळतं.

दुसरी फेरी: काहीशे रुपयांची कामं

एअर फिल्टर: कागदी फिल्टर प्रकाशात धरून पाहावा. आरपार उजेड दिसत नसेल तर बदलावा. तेलकट कागदाचा फिल्टर हवा मारून साफ करायचा नसतो, तो बदलायचाच असतो. फोमचा असेल तर धुता येतो.

स्पार्क प्लग: प्लग काढून टोकाचा रंग पाहावा. कॉफीसारखा तपकिरी रंग चांगला. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओला तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑईल आत जळतंय. पांढुरका म्हणजे पेट्रोल कमी आणि उष्णता जास्त.

हा शेवटचा रंग गांभीर्यानं घ्यावा. मायलेज वाढवण्यासाठी कार्बोरेटरमध्ये बारीक जेट टाकलेल्या किंवा पेट्रोल कमी केलेल्या गाड्या बाजारात येतात. कमी पेट्रोलवर पूर्ण रेसमध्ये बराच वेळ चालवलं तर पिस्टन तापून जाम होऊ शकतो. चालत्या गाडीत हे झालं तर मागचं चाक लॉक होण्याचा धोका असतो.

पेट्रोलचा मार्ग: पूर्ण रेसला लागणारं पेट्रोल कार्बोरेटरच्या मेन जेटमधून येतं. त्यात कचरा असेल तर गाडी कमी वेगात गुळगुळीत चालते आणि वर गुदमरते. थोडं थांबून पुन्हा निघालं की काही वेळ बरी पळते, कारण तेवढ्यात फ्लोटच्या वाटीत पेट्रोल साचलेलं असतं. असं होत असेल तर पेट्रोल कॉकची जाळी, पाइप आणि कार्बोरेटर साफ करून घ्यावा.

टाकीचं झाकण: टाकीत हवा जाण्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असतं. ते मातीनं बुजलं की आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली येत नाही. गाडी गुदमरली की बाजूला थांबवून झाकण उघडावं. हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि नंतर गाडी नीट पळाली, तर कारण तेच.

क्लच: टॉप गिअरमध्ये ४० च्या वेगाला एकदम रेस द्यावी. आवाज वर गेला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतो आहे. आधी लिव्हरला थोडी ढील आहे का ते पाहावं. मग इंजिन ऑईल. बहुतेक बाईकमध्ये क्लच इंजिन ऑईलमध्येच बुडालेला असतो. कारसाठीच्या अनेक ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि त्यामुळे प्लेट घसरू शकतात. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' लिहिलेलं ऑईल बाईकसाठी योग्य.

तिसरी फेरी: आता इंजिन

इथवर सगळं ठीक निघालं, तरच इंजिनकडे वळावं. तेही सर्वांत स्वस्त कामापासून, म्हणजे टॅपेट सेटिंगपासून. टॅपेटमधलं अंतर फार कमी झालं तर वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. हे सेटिंग इंजिन थंड असतानाच करतात.

त्यानंतर कंप्रेशन गेजनं दाब मोजायला सांगावं. दाब कमी आला तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑईल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंग किंवा बोअर झिजलेलं आहे. तेवढाच राहिला तर बहुधा वॉल्व्ह गळतो आहे. या पाच मिनिटांच्या चाचणीमुळे संपूर्ण इंजिन खोलायचं की फक्त हेडचं काम करायचं, हे ठरतं. दाब मोजल्याशिवाय कुणी 'इंजिन गेलंय' म्हणत असेल, तर दुसऱ्या गॅरेजमध्ये विचारलेलं बरं.

रेस देताना सतत निळसर धूर येणं हे ऑईल जळण्याचं लक्षण आहे. धूर नाही, दाब चांगला, तरीही गाडी गुदमरलेली असेल, तर सायलेन्सरमध्ये कार्बन साचलाय का ते पाहावं. विक्रेत्यानं नुकतंच इंजिनचं काम करून घेतलं असेल, तर टायमिंग चेन एका दातानं चुकीची बसली नाही ना, हे तपासून घ्यावं.

फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर?

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या बाईकमधून कार्बोरेटर गेला. या गाड्यांमध्ये डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा आधी पाहावा. चावी फिरवल्यावर तो लागून, इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. तो लागूनच राहिला तर सेन्सरमध्ये बिघाड असू शकतो आणि त्याचा कोड स्कॅनरवर वाचता येतो. चावी फिरवल्यावरही दिवा लागलाच नाही, तर तो मुद्दाम बंद केलेला असण्याची शक्यता धरावी.

ई-२० पेट्रोलमुळे वेग कमी होतो का?

इथेनॉलमध्ये प्रतिलिटर ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये ऊर्जा ६ ते ७ टक्के कमी भरते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत थोडा फरक जाणवू शकतो, पण ८५ ची गाडी ६० वर येण्याचं कारण ते नाही. जास्त दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत मात्र काळजी घ्यावी, कारण इथेनॉल पाणी शोषून घेतं. अशा गाडीतलं जुनं पेट्रोल काढून टाकणं उत्तम.

चाचणी कुठे आणि कशी?

कमाल वेग बघायला गाडी ९० ला न्यायची गरज नाही. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुचाकींची कमाल मर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ८० आणि शहरात ६० आहे. स्थानिक मर्यादा याहून कमी असू शकते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर दुचाकींना परवानगीच नाही. परवानगी असलेल्या मोकळ्या रस्त्यावर गाडी ४० वरून ६० ला किती सेकंदांत जाते, हे एकाच जागी, एकाच गिअरमध्ये, दोन्ही दिशांनी मोजावं. दुरुस्तीनंतर पुन्हा तेच मोजावं. फरक पडला की नाही, हे अंदाजावर सोडावं लागत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्लग, फिल्टर आणि जेट एकदम बदलले, तर गाडी सुधारली तरी कशामुळे ते कळत नाही, आणि बिघडली तरीही नाही.

ब्रेक तापत असेल, चाक अडत असेल किंवा पूर्ण रेसमध्ये इंजिनातून धातूचा खडखडाट येत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी हायवेला नेऊ नये. आणि व्यवहार अजून व्हायचा असेल, तर टोकन देण्याआधी विक्रेत्याला सोबत घेऊन पंधरा-वीस किलोमीटरची फेरी मारावी. गल्लीतल्या चक्करमध्ये लपलेले बहुतेक दोष गाडी गरम झाल्यावर दिसतात आणि किमतीवर बोलायला तीच योग्य वेळ असते.