सेकंदाला सहा हजार लिटर

मुंबईच्या नाल्यांवर लिहायचे तर मे महिन्यातल्या नालेसफाईपासून सुरुवात करायची, ही आमच्या धंद्यातली रीत. संपादकांनी ती मोडायला सांगितली. गाळ काढणारे सगळेच दाखवतात, पाणी समुद्रात ढकलणारे कोण ते बघून ये, म्हणाले. म्हणून हाजीअलीचे उदंचन केंद्र.

इतिहास थोडक्यात उरकतो. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून महालक्ष्मी ते वरळीमधले खिंडार बुजवले आणि बांधामागे खोलगट जमीन उरली. तिच्यावर आणि पुढे घातलेल्या भरावांवर शहर वाढले. २००५ च्या पुरानंतर नेमलेल्या चितळे समितीने पातमुखांचा हिशेब मांडला. समुद्रात किंवा खाडीत उघडणारी एकूण १८६. त्यांतली ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली, १३५ भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीतही उघडी राहतील अशी फक्त ६. पाऊस आणि उधाण एका वेळी आले की पाणी जायला वाट नसते. उलट समुद्रच आत येतो.

यंत्र समजायला सोपे आहे. ओहोटीला दरवाजे उघडे, पाणी उताराने आपसूक जाते. भरती चढली की दरवाजे पाडायचे आणि मागे साठलेले पाणी पंपांनी उचलून पलीकडे टाकायचे. एक पंप सेकंदाला ६,००० लिटर उपसतो. पाण्याचा दहा हजारी टँकर दोन सेकंदांच्या आत रिकामा! इथे काम करणाऱ्यांना घड्याळाइतकेच भरतीचे वेळापत्रक बघावे लागते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले, तर पाळी संपली म्हणून कोणी घरी जाऊ शकत नाही.

मला मात्र पंपांपेक्षा त्यांच्या अलीकडच्या जाळीने धरून ठेवले. नाल्यातून येणारे सगळे तिच्यावर आपटते: पिशव्या, बाटल्या, थर्माकोल, चपला, फांद्या, पालापाचोळा. जाळी तुंबली की पंपाला पाणीच पुरत नाही, मग त्याची ताकद कितीही असो. कोट्यवधींच्या यंत्राची अब्रू ती साफ ठेवणाऱ्या माणसाच्या हाती असते. उद्घाटनाच्या कोनशिलेवर त्याचे नाव कधी येत नाही, हे जाता जाता.

मुळात एवढे पंप लागावेत का? उत्तर जुन्या गटारांच्या आकड्यांत आहे. ती बांधली ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, आणि त्यातला निम्मा जमिनीत मुरेल असे धरून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला, तेव्हा तो हिशेब उघडा पडला. त्याआधीच, शहराच्या पर्जन्य जलवाहिन्यांवरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी ५० मिलिमीटर धरा आणि सगळेच पाणी वाहून येईल असे समजा, असे सांगितले होते. म्हणजे शहरात पाणी मुरायला माती जवळजवळ उरलेली नाही, हे महापालिकेच्या कागदावर तेव्हाच आले.

खरी काळजी इथे सुरू होते. ती उरलीसुरली माती आज आपण रस्त्यांच्या काँक्रीटखाली गाडतो आहोत. झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट भिडते, चर खणताना मुळे तुटतात, आणि पुढच्या वादळात झाड आडवे होते. मग दोष गुलमोहराला आणि पर्जन्यवृक्षाला, कारण ते परदेशी. आता ताम्हण, बहावा, करंज लावायचे म्हणतात. लावावेतच. पण वीतभर खड्ड्यात देशी झाडही जगत नाही. वृक्षतोडीला आवर घालणारा कायदा १९७५ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरचे झाड वारसा ठरले आणि ते तोडले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावणे आले. मुळांवर काँक्रीट ओतून मारलेल्या झाडाची मात्र ‘तोड’ म्हणून नोंद होत नाही.

रस्ते विभाग, उद्यान खाते आणि पर्जन्य जलवाहिन्या खाते एकाच पालिकेत आहेत, पण प्रत्येकाचा कंत्राटदार निराळा. एकाने टाकलेल्या रस्त्याचे पाणी दुसऱ्याच्या जाळीवर येते. नव्या केंद्रांची वाट बघण्यातही अर्थ नाही: ठरलेल्या आठांपैकी सहा उभी राहिली, मोगरा आणि माहुल वर्षानुवर्षे रखडली. माहुलला तर मिठागराच्या जागेचाच तिढा होता. रस्त्याच्या प्रत्येक निविदेवर उरलेल्या दोन्ही खात्यांची सही सक्तीची करायला मात्र ना जागा लागते, ना पंप. आयुक्तांनी ठरवले तर एका परिपत्रकाने ते होईल.