झटपट कुळथाची पिठी

कोकणात घरोघरी होणारी, आमच्या घरात सगळ्यांची लाडकी! दोघांसाठी ३ मोठे चमचे कुळथाचं पीठ अडीच वाट्या गार पाण्यात कालवून घ्या. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की हमखास गुठळ्या होतात. तेलात ठेचलेला लसूण लालसर होऊ द्या. मग हिंग, हळद, हिरवी मिरची. त्यावर कालवलेलं पीठ, मीठ आणि २ आमसुलं घालून सतत ढवळा. उकळताना पिठी भसकन वर येते, म्हणून आच मंद ठेवा. पिठाचा कच्चा वास गेला की कोथिंबीर आणि ओलं खोबरं घाला. कुळथात प्रथिनं भरपूर असतात. गरम भात, वर तूप, सोबत भाजलेला पापड. आज रात्रीच करून बघा!