हुन्नराचा हिशेब (लेखांक 6) : फी नव्हे, बुडणारा पगार मोजा

दहावीचा निकाल लागला की वसई-विरार पट्ट्यातल्या अनेक घरांत एकच वाद सुरू होतो. मुलाला गाड्यांची आवड आहे. त्याला आयटीआयला घालायचे, की ओळखीच्या मिस्त्रीच्या हाताखाली गॅरेजवर ठेवायचे? मागच्या लेखांकात वायरमनच्या शिक्षणाचा हिशेब मांडला, आज मोटार मेकॅनिकची पाळी. या वादात घरची माणसे आधी फी विचारतात आणि शेवटी पहिला पगार. माझ्या मते हे दोन्ही आकडे निर्णयाला फारसे उपयोगाचे नाहीत. शिकण्यात खर्च होतो तो मुख्यतः वेळ, आणि त्याची भरपाई होते ती पहिल्या पगारातून नव्हे, तर चौथ्या-पाचव्या वर्षानंतरच्या कमाईतून. म्हणून प्रशिक्षण परवडते की नाही, हे एकाच गोष्टीवर ठरते: शिकलेल्या आणि न शिकलेल्या हातांच्या कमाईत पुढे किती अंतर पडते.

आधी खर्च पाहू. आयटीआयतला मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. शासकीय संस्थेतली फी कॉलेजच्या मानाने नगण्य असते, प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन प्रक्रियेतून गुणांवर मिळतो आणि लोकलचा पास विद्यार्थी सवलतीत निघतो. पात्र विद्यार्थ्यांना मिळणारे महिना 40 रुपयांचे विद्यावेतन 500 रुपये करण्याचा निर्णय राज्य सरकारने 2023 मध्ये घेतला. त्याने घर चालत नाही, पण पासाचे पैसे सुटतात. फी, पास, बॉयलर सूट, बूट, वह्या, परीक्षा असे सगळे धरून दोन वर्षांचे 20,000 रुपये समजू. खरा खर्च याच्या कितीतरी पट आहे आणि तो कोणत्याही पावतीवर दिसत नाही. तोच मुलगा गॅरेजवर हेल्पर म्हणून राहिला असता आणि पहिल्या वर्षी महिना 8,000, दुसऱ्या वर्षी 10,000 रुपये त्याच्या हातात पडले असते, असे धरा. मग दोन वर्षांत 2,16,000 रुपये घरात आले असते. म्हणजे शिक्षणाची किंमत 20,000 नाही, 2,36,000 आहे. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक घराने आपल्या वस्तीतला खरा दर घालून ही बेरीज पुन्हा करावी.

त्यात तिसरे वर्ष शिकाऊ उमेदवारीचे. 1961 च्या कायद्याखाली चालणाऱ्या या योजनेत आयटीआय उत्तीर्णाला 2019 च्या नियमांनी किमान 7,000 रुपये विद्यावेतन ठरवले. हेल्पर तोवर 12,000 वर पोहोचला असेल, तर वर्षाला आणखी 60,000 रुपयांचा फरक पडतो. तीन वर्षांचा खड्डा झाला 2,96,000 रुपयांचा. आता तो भरतो कसा ते पाहू. त्यानंतर शिकलेला मुलगा हेल्परपेक्षा महिना 3,000 रुपये जास्त कमावत असेल, तर हे पैसे वसूल व्हायला आठ वर्षांहून अधिक लागतात. फरक 6,000 चा असेल, तर चार वर्षांहून किंचित अधिक काळात वसुली होते आणि पुढची सगळी वर्षे नफ्याची. फरक शून्य असेल, तर वसुली कधीच नाही. एवढ्या गणितावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. ‘आयटीआय चांगले’ किंवा ‘आयटीआय बेकार’ अशी सरसकट विधाने निरर्थक आहेत. प्रश्न त्या फरकाचा आहे आणि तो फरक गाडीच्या पोटात काय बदलले यावर अवलंबून आहे.

आणि बदल मोठा आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 गाड्याच विकल्या जाऊ लागल्या. दुचाकीतला कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, ट्रकच्या सायलेन्सरला युरियाची यंत्रणा जोडली गेली. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसई फाटा, विरार फाटा ते मनोरपर्यंतच्या गॅरेजांत मोठे काम या ट्रकांचेच. भरलेला ट्रक चढावर दम सोडतो, डॅशबोर्डवर दिवा पेटलेला असतो, टाकीत युरिया असतो आणि इंजिनात यांत्रिक दोष काहीच नसतो. धुरातले घटक मोजणारा सेन्सर चुकीचे सांगतो आहे, फवाऱ्याच्या तोंडावर युरियाचे खडे जमले आहेत, भेसळीचा युरिया भरला आहे, की उंदराने वायर कुरतडली आहे? चारही कारणांनी गाडीतला संगणक इंजिनाची ताकद कमी करतो. स्कॅनर लावला की कोड येतो, पण कोड फक्त कुठे दुखते ते सांगतो, का दुखते ते नाही. त्यापुढे मल्टिमीटर घेऊन सेन्सरपर्यंत व्होल्टेज पोहोचते का, अर्थिंग ठीक आहे का, हे पायरीपायरीने तपासावे लागते. ज्याला सर्किटचा नकाशा वाचता येतो तो 500 रुपयांच्या वायरीत काम संपवतो. ज्याला येत नाही तो महागडा सेन्सर बदलतो, आणि दिवा पुन्हा पेटतो. नकाशा वाचणे, माप घेणे, माप का चुकले याचा विचार करणे हे नुसते बघून येत नाही. ते कुणीतरी बसवून शिकवावे लागते. कमाईतला फरक तिथेच तयार होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘आमच्या नाक्यावरचा मिस्त्री कधी शाळेत गेला नाही, आज त्याचे स्वतःचे गॅरेज आहे.’ हे खरे आहे आणि त्या माणसाचे कसब आदरास पात्र आहे. जुलै 2018 मध्ये नालासोपारा-वसई दिवसेंदिवस पाण्यात होते, तेव्हा बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारायचा नाही, आधी प्लग काढून सिलिंडरमधले पाणी बाहेर काढायचे, तेल बदलायचे, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो, हे अशाच मिस्त्रींना अनुभवाने माहीत होते. पण नाक्यावर आपल्याला दिसतो तो यशस्वी झालेला एक. त्याच्यासोबत हेल्पर म्हणून लागलेले बाकीचे पंक्चर, वॉशिंग, ऑइल बदल यापुढे गेले नाहीत, ते दिसत नाहीत. शिवाय तो मिस्त्री ज्या इंजिनांवर शिकला ती उघडून, हात लावून, आवाज ऐकून कळणारी होती. आजच्या हेल्परला उस्ताद तेवढेच देऊ शकतो जेवढे उस्तादाकडे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अनेक आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये इंजिने जुनी असतात, निदेशकांच्या जागा रिकाम्या असतात, मग तिथे नवे काय शिकणार? हा आक्षेप मी मान्य करतो. म्हणूनच शिकाऊ उमेदवारीचे तिसरे वर्ष ‘कमी पगाराचे वर्ष’ म्हणून टाळू नये. किंबहुना तीन वर्षांतले सर्वांत मौल्यवान वर्ष तेच. एसटी महामंडळाचे आगार असो वा वाहन कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर, चालू गाड्या, खरे बिघाड आणि वेळेचा ताण तिथेच भेटतो. जो मुलगा दोन वर्षे करून हे वर्ष सोडतो, तो खड्डा खणतो आणि भरायच्या आत निघून जातो.

तिसरा आक्षेप विजेवरच्या गाड्यांचा: इंजिनच उरणार नसेल तर मेकॅनिक कशाला? इंजिन गेले तरी ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, टायर, एसी हे सगळे राहते. वाढतो तो विजेचा भाग, आणि विजेवरच्या कारमध्ये शेकडो व्होल्टचा बॅटरी पॅक असतो. तिथे अंदाजाने हात घालणे जिवावर बेतते. जून 2022 मध्ये एसटीची विजेवरची पहिली बस ‘शिवाई’ पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हाच पुढची दिशा स्पष्ट झाली होती. हा बदल बिनशिकल्या हेल्परची वाट अरुंद करतो, शिकलेल्याची नव्हे.

प्रमाणपत्राचे आणखी एक मोल पगाराच्या तक्त्यात बसत नाही. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या भरतीत मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिक या ट्रेडचे आयटीआय चालते. दहावीनंतरच्या दोन वर्षांच्या आयटीआयवर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आणि ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकलची पदविका हाती असली, तर सहायक मोटार वाहन निरीक्षकाच्या परीक्षेला बसता येते. एमएच-48 च्या आरटीओ कार्यालयात गाड्या पासिंग करणारा अधिकारी होण्याची वाट अशी एका ट्रेडपासून निघू शकते. हेल्पर कितीही तरबेज असला तरी कागदाशिवाय ही दारे त्याला उघडत नाहीत.

मात्र हा सगळा युक्तिवाद शासकीय किंवा मान्यताप्राप्त संस्थेचा आहे. लाखभर फी घेऊन सहा महिन्यांत ‘एक्स्पर्ट’ करण्याचे आश्वासन देणाऱ्या वर्गांना तो लागू नाही. कर्ज काढून फी भरली, की खड्ड्यात व्याजही पडते. प्रवेशापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते का? मागच्या तुकडीतली मुले शिकाऊ उमेदवार म्हणून नेमकी कुठे लागली? वर्कशॉपमध्ये बीएस-6 इंजिन आणि स्कॅनर आहे का, आणि तो मुलांच्या हातात देतात का? उत्तरे टाळली, तर पैसे भरू नयेत.

उरतो सर्वांत कठीण प्रश्न: ज्या घराला तीन वर्षे पुऱ्या पगाराविना काढताच येत नाहीत, त्याने काय करायचे? अशा मुलाला गॅरेजवर जावेच लागते, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार कुणाला नाही. अनुभवी कामगाराला खासगी उमेदवार म्हणून ट्रेडची परीक्षा देण्याची तरतूद आहे; पण त्या परीक्षेची तयारी करून घेणारे संध्याकाळचे वर्ग कुठे आहेत? दिवसभर गॅरेजवर राबणाऱ्या मुलाला संध्याकाळी दोन तास सर्किट आणि स्कॅनर शिकवता आले, तर त्याचा पगार बुडणार नाही आणि खड्डा मुळात पडणारच नाही. अनेक आयटीआयच्या इमारती संध्याकाळी बंद असतात. त्या उघड्या ठेवण्याची मागणी वसई-विरारच्या गॅरेजवाल्यांनी, पालकांनी आणि लोकप्रतिनिधींनी मिळून करायला हवी. ज्याला तीन वर्षे परवडतात त्याने आयटीआय आणि शिकाऊ उमेदवारी दोन्ही पूर्ण करावे, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. ज्याला परवडत नाहीत, त्याच्यासाठी संध्याकाळचा वर्ग सुरू करणे हे सरकारचे काम आहे.

(पुढील लेखांकात : डेंटिंग-पेंटिंगच्या कामाचा खर्च आणि कमाई)