बर्फावरची मासेमारी : आधी पहार, मग गळ

अमेरिकेच्या उत्तर सीमेवर मिनेसोटा हे राज्य आहे. हिवाळ्यात तिथली सरोवरे गोठतात आणि लोक बर्फावर बसून मासे धरतात. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून गार पाणी वर येऊन गोठते, म्हणून खाली मासे जगतात.

मिल लॅक्स सरोवरावर वॉलआय माशासाठी गर्दी होते. साधने थोडीच : भोक पाडायला गिरमिट, आखूड काठीचा गळ, भोकातला बर्फ काढायला झारा.

पण खरा मान पहारीचा. आपण ओढ्यात काठीने ठाव घेतो, तसे ते पुढचा बर्फ पहारीने ठोकून पाहतात. पारदर्शक, नवा बर्फ किमान ४ इंच जाड असेल तरच पायी जावे, पांढरा असेल तर दुप्पट जाडी हवी, असे तिथले सरकारी खाते सांगते. झऱ्याजवळ, ओढ्याच्या मुखाशी बर्फ पातळ असतो. कालचा भरवसा आज धरू नये.

गळ्यात दोन टोकदार दाभण अडकवतात. पाण्यात पडल्यास ते बर्फात रोवून वर यायचे आणि आडवेच सरपटत आल्या वाटेने परतायचे. मासा उद्याही मिळेल. जीव एकदाच मिळतो.